वणीच्या मुलुखातला चांदीचा रुपया

सरकारने स्वतःच्या नावाने पाडलेले, वजन आणि शुद्धता यांची हमी दिलेले, परंतु बाजारात खर्चण्याऐवजी धातू म्हणून साठवण्यासाठी विकत घेतले जाणारे चांदीचे नाणे ही विसाव्या शतकाच्या अखेरीची कल्पना समजली जाते. मेक्सिकोने १९८२ मध्ये ‘लिबर्ताद’, अमेरिकेने १९८६ मध्ये ‘सिल्व्हर ईगल’ आणि कॅनडाने १९८८ मध्ये ‘मेपल लीफ’ हे चांदीचे नाणे काढले. यांपैकी अमेरिकी नाण्यावर एक डॉलर अशी दर्शनी किंमत छापलेली असली, तरी त्यात एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम चांदी असल्याने ते एका डॉलरला खर्चण्याचा वेडेपणा कोणी करीत नाही. भारत सरकारने २०१५ च्या नोव्हेंबरात एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला महात्मा गांधींची प्रतिमा असलेले राष्ट्रीय सुवर्णनाणे विक्रीस आणले, पण त्याला चांदीचा जोडीदार दिला नाही. ही उणीव नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात फारशी कोणाला जाणवली नसावी, कारण सरकारी छापाची चांदी घरात धरून ठेवण्याची रीत तेथे फार जुनी आहे आणि त्यासाठी लागणारे नाणेही, चलनातून बाद होऊन आठ दशके लोटली तरी, सराफाच्या पेढीवर आणि देवघरात अजून टिकून आहे.

दिंडोरी तालुक्यातील वणी हे सप्तशृंगीच्या डोंगराखालचे बाजाराचे गाव आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानल्या जाणाऱ्या देवीच्या चैत्रातील आणि आश्विनातील यात्रांना खानदेशातून येणारी माणसे, सुरगाणा, कळवण आणि पेठ या डोंगरी भागांतील कोकणा व महादेव कोळी वस्ती, आणि गुजरातकडे उतरणारी वाट यांचा मेळ या परिसरात पडतो. अशा ठिकाणी परक्या मुलखातले नाणे रोज हातात येते आणि ते पारखून घेणारा माणूस लागतोच. गावाचा इतिहासही लहान नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० चा ताम्रपट वणी येथेच मिळाला असून तो मयूरखंडी येथील मुक्कामातून दिलेला आहे. हे मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगीच्या शेजारचा मार्कंड्या डोंगर असावा, असे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी सुचवले होते. विशेष असे की, वेरूळचे कैलास लेणे खोदवणाऱ्या या बलाढ्य घराण्याची स्वतःची म्हणता येतील अशी नाणी जवळजवळ सापडतच नाहीत. एवढ्या मोठ्या राज्याचा व्यवहार मग कोणत्या चांदीवर चालत होता, या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका ताम्रपटाच्या आधारे अंशतः देता येते.

सहाव्या शतकाच्या मध्याला कलचुरी राजा कृष्णराज याने लहान आकाराची चांदीची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला राजाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी असून नंदीभोवती राजाला परममाहेश्वर म्हणजे शिवाचा परमभक्त म्हणवणारी अक्षरे आहेत. बागलाणातील देवळाणे येथे ती सापडली, तशीच मुंबई-साष्टीपासून विदर्भापर्यंतही सापडली. कृष्णराज गेला, काही दशकांनी बदामीच्या चालुक्यांनी कलचुरींचे राज्यही संपवले, परंतु इ. स. ७१० च्या सुमारास हरिश्चंद्रवंशी भोगशक्तीने दिलेल्या आणि अंजनेरी येथे मिळालेल्या ताम्रपटात दंडाच्या व कराच्या रकमा ‘कृष्णराजरूपक’ या नाण्यात सांगितलेल्या आहेत. म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षे त्याच्या छापाची चांदी लोक घेत आणि देत होते. ज्या नाण्यामागे आता कोणतेही राज्य उभे नाही, ते केवळ ओळखीच्या वजनामुळे आणि ओळखीच्या कसामुळे चालत राहते, याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या नाणेशास्त्रात क्वचितच मिळेल. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी काळातील लेखांच्या संग्रहात या ताम्रपटांचे संपादन केले आहे.

त्याहून जुना पुरावा नाशिकच्या भोवतीच आहे, आणि तो उलट दिशेचा आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला दिसला. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिप्यांत त्याचे नाव असे. विजेत्याने त्याच मुखवट्यावर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनीचे चिन्ह ठोकले. चांदी वितळवून नवे नाणे पाडण्याचा खर्च वाचवून सत्ता बदलल्याची दवंडी गावोगाव पोहोचवण्याचा हा मार्ग होता, तरीही साठा करणाऱ्याने दोन्ही प्रकारची नाणी एकाच ठिकाणी जपली, हे नजरेआड करता येत नाही. नहपानाचा जावई उषवदात याचा पांडवलेण्यांतील लेख तर रोकड गुंतवण्याचीच हकिगत सांगतो. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण अक्षयनिधी म्हणून दिले. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे कारागीर संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. याच लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरही नोंदलेला आहे.

मध्ययुगीन काळ येथे भराभर ओलांडायला हरकत नाही, कारण वणीच्या बाजाराला ज्या रुपयाची ओळख होती तो मुख्यतः अठराव्या शतकातला आहे. वणीच्या पूर्वेला चांदवड येथे होळकरांच्या अमलाखाली टांकसाळ होती आणि तिच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे टांकसाळीचे नाव फारसीत येई. बाजारात त्याला चांदवडी किंवा चांदोरी रुपया म्हणत. खुद्द नाशिकच्या टांकसाळीचे नाव गुलशनाबाद होते आणि तिच्या रुपयावर ध्वजाची खूण असल्याने तो जरीपटका रुपया म्हणून ओळखला जाई. दोन्ही नाणी पाडली मराठी सत्तेने, पण त्यांवरचे नाव दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे, कारण लोकांना त्या छापाची सवय होती आणि सवयीचा छाप मोडला तर रुपयाला कमी भाव मिळे. याशिवाय पुण्याकडचा अंकुशी, गुजरातकडून चढणारा सुरती असे कितीतरी रुपये फिरत असत. प्रत्येकाचा कस वेगळा, वजनात गुंजभर कमी-जास्त, आणि जुना झालेला रुपया नव्याच्या तुलनेत काहीसा हलका धरला जाई; ही जी कपात होई तिला बट्टा म्हणत. बट्टा ठरवणारा आणि रकमेतले खोटे नाणे वेचून काढणारा तो पोतदार. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून, कडेला बारीक छिन्नी मारून, आणि फरशीवर टाकून निघणारा नाद ऐकून तो निर्णय देई. जुन्या रुपयांवर आज दिसणारे चंद्रकोरी किंवा चौकोनी टोचे त्या पारखीचेच आहेत. संग्राहक अशा टोच्यांना व्यंग मानून किंमत पाडतात, हे इतिहासाच्या दृष्टीने उफराटेच म्हणावे लागेल.

१८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला, स्थानिक टांकसाळी एकेक करून बंद झाल्या, आणि १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. सराफी भाषेत त्याचा टंच, म्हणजे शंभर भागांतील शुद्ध धातूचे प्रमाण, ९१.६६ होता. तोळ्याचे सरकारी वजनही १८० ग्रेनच ठरवलेले असल्याने एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, आणि ८० रुपये म्हणजे एक सेर, असे सरळ गणित बसले. या मेळाचे महत्त्व अर्थशास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत संपते, पण सोनाराच्या दुकानात त्याने सारा व्यवहार बदलला. तराजूच्या एका पारड्यात वजन म्हणून रुपयाच टाकता येऊ लागला, ‘रुपयाभार चांदी’ हे माप रूढ झाले, आणि यंत्रावर पाडलेल्या, कडेला दाते असलेल्या या कलदार रुपयाची कड कानसून चांदी काढणेही अवघड होऊन बसले. १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया राणीचे मुख आले आणि ‘राणीछाप’ हे नाव रुपयाला कायमचे चिकटले. पुढे राजे आले तरी अनेक घरांत जुना चांदीचा रुपया म्हणजे राणीछापच.

१८९३ पर्यंत ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी उघडी होती. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत गेला, तर शेकडा दोन नाणेशुल्क आणि वितळवण्याचा किरकोळ आकार कापून त्याला तितके रुपये मिळत; हेच दागिन्यांनाही लागू होते, अर्थात शेतकरी स्वतः न जाता सराफामार्फत हा व्यवहार होई. म्हणून वाळे, तोडे, कडदोरे ही अंगावर वागवलेली रोकडच होती: बरे वर्ष आले की रुपये सोनाराकडे जाऊन दागिना होत आणि वाईट वर्ष आले की दागिना पुन्हा रुपये होई. जगात मात्र चांदीचा भाव १८७० नंतर, जर्मनीसह युरोपातील देशांनी सुवर्णचलन स्वीकारल्यामुळे, सतत उतरत होता आणि लंडनला पौंडांत रक्कम पाठवणाऱ्या हिंदुस्थान सरकारला रुपयाची घसरण परवडेनाशी झाली होती. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या आणि रुपयाचा दर पुढे १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर करण्यात आला. चांदी पडतच राहिली, पण रुपया पडला नाही. परिणाम असा झाला की, एकोणिसावे शतक संपताना एका रुपयातील चांदीची किंमत जेमतेम १० आणे होती, आणि जी बाई १८९० मध्ये तोळाभर वजनाचा दागिना मोडून जवळजवळ रुपया मिळवू शकत होती, तिला १९०० च्या दुष्काळात, ज्याला लोक संवत १९५६ वरून छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात, त्याच दागिन्याचे फार कमी पैसे मिळाले. चलनसुधारणेचे फायदे सांगणाऱ्यांनी ही बाजू नेहमीच ओझरती हाताळली आहे. गरिबाची बचत ज्या धातूत होती त्या धातूतून सरकारने अंग काढून घेतले, आणि ते नेमके दुष्काळांच्या तोंडावर.

तरीही नाणे साठवण्याची सवय यातून मोडली नाही, उलट दागिन्यापेक्षा रुपयाच जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरले. डोंगरी भागातील बायका अधेली (अर्धा रुपया) आणि रुपया यांना कड्या जोडून त्यांची माळ गळ्यात घालत. अशा माळेत नाणे वितळलेले नसते, कडीची डागणी तोडली की ते पुन्हा चलनात जाऊ शकत असे, म्हणून ती दागिना आणि थैली दोन्ही होती. आज संग्राहकांना मिळणाऱ्या राणीछाप रुपयांपैकी कित्येकांच्या वरच्या कडेला दिसणारा डाग हा त्या कडीचा असतो. शेतकरी घरांतून रुपये मातीच्या मडक्यात किंवा तांब्याच्या लोट्यात घालून जमिनीत पुरले जात. असे धन पुढे कोणाच्या फाळाला लागले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या साठ्याची खबर कलेक्टरला देणे बंधनकारक आहे. तिसरा साठा देवघरातला. कुलदेवतेची प्रतिमा उठवलेला चांदीचा पातळ पत्रा, ज्याला टाक म्हणतात, तो घरच्या चांदीतूनच सोनाराकडून करून घेण्याची रीत होती, आणि लक्ष्मीपूजनाला मांडायचे राणीछाप रुपये दरवर्षी तेच असत. ते धुऊन, हळदकुंकू लावून पुन्हा फडक्यात बांधले जात.

दोन महायुद्धांनी चांदीचे पारडे फिरवले. लंडनमध्ये चांदी औंसाला ४३ पेन्सांवर गेली की १ शिलिंग ४ पेन्सांच्या रुपयातली धातू त्याच्या दर्शनी किमतीएवढी होते, आणि १९१७ मध्ये भाव त्या रेषेच्या पुष्कळ वर गेला. नाणे वितळवणे किंवा चलनाखेरीज अन्य कामाला वापरणे त्या वर्षीच्या जूनमध्ये बेकायदा ठरवण्यात आले, नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट निघाली, आणि तरीही रुपये अपुरे पडू लागल्यावर अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले साठ्यातील चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. युद्धानंतर साठलेले रुपये मोठ्या संख्येने सरकारकडे परत येऊ लागले, त्यामुळे १९२३ ते १९३७ या सालांचा चांदीचा रुपया नाहीच. दुसऱ्या महायुद्धात सरकारने आणखी पुढचे पाऊल उचलले. १९४० मध्ये रुपयाचा टंच ९१.६६ वरून ५० वर आणला गेला. नव्या मिश्रधातूत ५० भाग चांदी, ४० भाग तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ भाग होते. जुने, कसदार रुपये क्रमाक्रमाने कायदेशीर चलनातून काढण्यात आले: व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये आणि पाचव्या व सहाव्या जॉर्जचे जुन्या टंचाचे १९४३ मध्ये. १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही, तो निकेलचा झाला. या सर्व काळात चांदीची जागा घेणारा कागद नाशिक जिल्ह्यातच छापला जात होता, कारण नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा निघू लागल्या होत्या.

मुदतीत रुपये बदलून न घेणाऱ्यांना अडाणी ठरवण्याची घाई करू नये. सरकार जुन्या रुपयाला देत होते तो मोबदला नोटेचा किंवा निम्म्या चांदीच्या नाण्याचा होता, तेव्हा ज्याने तो घरात ठेवला त्याने चांदीचा हिशेब सरकारपेक्षा बरा केला होता, आणि १९४३ नंतरच राणीछाप रुपया खऱ्या अर्थाने धातूचे नाणे झाला. त्याच्या दर्शनी किमतीला काही अर्थ उरला नाही, त्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, एवढेच त्याचे मोल, आणि ती तेवढी आहे याची साक्ष देण्यापुरता संपलेल्या साम्राज्याचा छाप उपयोगी. सराफ आजही तो कस न लावता, वजन पाहून घेतात, तेव्हा कृष्णराजरूपकाचा व्यवहारच नव्या नाण्यात चाललेला असतो. मात्र बनावट रुपये बाजारात बरेच आहेत, आणि ओतीव नक्कल सहसा वजनात, कडेच्या दात्यांच्या एकसारखेपणात किंवा बसक्या नादात उघडी पडते.

छंद म्हणून नाणी जमवणाऱ्यांचे गणित निराळे आहे, कारण ते चांदीला न देता सालाला पैसे देतात. १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला गेला आणि मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून पाठीवर बारीक ठिपके दिले, ते भिंगाने मोजणे हा जाणकारांचा आवडता उद्योग. पाचव्या जॉर्जच्या १९११ मधील पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्तीचे चित्र इतके आखूड सोंडेचे उतरले की ते डुकरासारखे दिसते अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतील सात लाखांच्या आसपास बाहेर गेले, बाकीचे वितळवून १९१२ मध्ये नवा साचा करण्यात आला. १९३९ सालचा कसदार रुपया तर फारच थोडा बाहेर आला. अशी नाणी राणीछापांच्या ढिगाबरोबर मुशीत गेली, तर चांदीचा भाव मिळतो आणि पुरावा जातो, ही गोष्ट अंजनेरी येथे १९८० मध्ये परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेमुळे या जिल्ह्यात तरी काहीशी पोहोचली आहे. सरकारी टांकसाळींची चांदी असलेली स्मारक नाणीही संग्राहक घेतात. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांत ८० टक्के चांदी होती, आणि २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेल्या ७५ रुपयांच्या नाण्याचा धातू ५०, ४०, ५, ५ असा, म्हणजे १९४० मध्ये टंच उतरवताना वापरलेल्या प्रमाणाचाच आहे.

पुरावशेष व कलावस्तू यांविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९२२ वर थांबत असल्याने, जुन्या टंचाच्या रुपयांपैकी केवळ सहाव्या जॉर्जचे आता या व्याख्येबाहेर राहिले आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे जाताना लक्ष्मीपूजनाचे रुपये सोबत नेणाऱ्या घरांना ही तरतूद बहुधा ठाऊक नसते, आणि राणीछाप रुपया साधी मोड म्हणून वितळवायला घेणाऱ्या पेढ्यांवरही तिचा उल्लेख सहसा निघत नाही.